साठीच्या पुढे हिमालयात पायी : खरोखर सोपी वाट कोणती?

स्नेहलतागंजकर (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या ऑक्टोबरात आम्हा चौघांना इंदूरहून हिमालयात जायचे आहे, आणि तेथे गाडीत बसून नव्हे, तर पायी हिंडायचे आहे. मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका, यजमान ६६ वर्षांचे, ग्वाल्हेरच्या नणंदबाई ५८ वर्षांच्या आणि सोबत ११ वर्षांचा नातू. यजमान रोज सकाळी नेहरू पार्कात चार किलोमीटर चालतात आणि त्यांना त्याचे काहीच वाटत नाही. परंतु उजव्या गुडघ्याची झीज झालेली असल्यामुळे जिना उतरताना मात्र त्यांना कठडा धरावा लागतो. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. नणंदबाई ठणठणीत आहेत, आणि नातवाची काळजी आम्ही करण्यापेक्षा तोच आमची करील असे दिसते.

यापूर्वी शिमला आणि मनाली आम्ही पाहिले ते खिडकीतून. प्रत्येक वळणावर गाडी थांबवायची, फोटो काढायचा आणि पुन्हा आत बसायचे, असा तो प्रवास होता. त्या प्रवासात एके ठिकाणी रस्त्याच्या बऱ्याच खाली, नदीच्या काठाकाठाने जाणारी एक पायवाट दिसली होती आणि पाठीवर गवताचे भारे घेतलेल्या दोन बायका तिच्यावरून गप्पा मारत चालल्या होत्या. मला तशा वाटेवरून चालायचे आहे, एवढे सांगितले म्हणजे माझी अपेक्षा स्पष्ट व्हावी. शिखर, खिंड, बर्फ यांपैकी कशाचाही हट्ट नाही.

अटी अशा की रात्री पक्के छप्पर असावे, कमोड असावा आणि शाकाहारी गरम जेवण मिळावे. तंबू नको. इंटरनेटवर पाहावे तर प्रत्येक वाटेवर ‘सोपी’ असा शिक्का मारलेला आहे, पण ती कोणासाठी सोपी, हे कोणीच सांगत नाही. म्हणून जे स्वतः चालून आले आहेत त्यांनीच लिहावे, ही विनंती.

सुदामानगरचा फिरस्ता

ताई, डोळे मिटून उत्तराखंडातील फुलांच्या दरीला जा. फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती १९३१ मध्ये कामेत शिखरावरून परतताना या दरीत उतरले आणि तेव्हापासून तिचे नाव जगभर झाले. २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही आहे. हरिद्वारपर्यंत रेल्वेने, तेथून गाडीने गोविंदघाट आणि पुढे पायी. वाट फरसबंद आहे, जागोजागी चहा मिळतो, थकलात तर घोडे आहेत. आमच्या कार्यालयातील दोघे जण मुलाबाळांसह जाऊन आले.

रामबागवाला

फिरस्ते, आपला हेतू चांगला आहे, परंतु हा सल्ला या चौघांना लागू पडत नाही, आणि मी हे ठेच लागल्यावर सांगतो आहे.

वयाच्या ६३ व्या वर्षी एका सहल कंपनीच्या पत्रकावर ‘सोपी, सर्व वयोगटांसाठी’ असे वाचून मी फुलांच्या दरीला गेलो होतो. दरी सुंदर आहे यात वादच नाही; पुष्पावती नदीच्या कडेने माणसाच्या कमरेइतक्या उंच फुलझाडांतून चालताना आपण पायाखाली पाहायचे विसरतो. पण तिथवर पोहोचण्याचा हिशेब पत्रकात कोणी मांडत नाही. गोविंदघाटाहून गाडी चारेक किलोमीटरवरील पुलना गावापर्यंत जाते. तेथून घांघरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटर अंतर आणि साधारण एक हजार मीटरचा चढ. घांघरिया आहे सुमारे ३,०५० मीटरवर, आणि त्याच रात्री तेथे झोपायचे. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून आत जायचे आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडायचे. तिसऱ्या दिवशी तोच हजार मीटरचा उतार, दगडी फरसबंदीवरून.

चढताना दम लागतो खरा, पण पाच मिनिटे टेकले की तो परत येतो. उतरताना गुडघा एकदा बोलू लागला की बसून राहिल्याने तो गप्प होत नाही, कारण राहिलेला उतार आहे तिथेच असतो. मी शेवटचे पाच किलोमीटर खेचराच्या पाठीवर बसून आलो, आणि उतारावर खेचरावर बसणे हे चालण्याहून सोपे असते असा कोणाचा समज असेल तर तो मी आनंदाने दूर करीन. कंपनीच्या माणसाने नंतर फोन उचलला नाही, तो भाग सोडून देऊ.

दुसरा मुद्दा ऋतूचा. त्या दरीचा बहर जुलै-ऑगस्टमधला. दरी ३१ ऑक्टोबरपर्यंत उघडी असते हे खरे, पण ऑक्टोबरात तेथे वाळलेले दांडे आणि बियांची बोंडे पाहायला मिळतात. ज्यांना तेही आवडते त्यांनी जरूर जावे.

आता ‘सोपे’ म्हणजे काय, याबद्दल. विल्यम नेइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा बांधून दिला, तो आजही वापरला जातो : दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि त्यात दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. हा हिशेब धडधाकट तरुणाचा आणि न थांबता चालण्याचा आहे. आपल्या वयाला मी सरळ दुप्पट वेळ धरतो, आणि सोबत दुखरा गुडघा असेल तर उतारालाही चढाइतकाच वेळ देतो. पुलना ते घांघरिया कागदावर साडेतीन तासांचे होते. मला आठ तास लागले, म्हणजे दुपटीहूनही जास्त.

परंतु तासांपेक्षाही एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती कोणत्याच पत्रकात नसते. ती अशी, की वाट मध्येच सोडता आली पाहिजे. घांघरियाला निघालेला माणूस सहाव्या किलोमीटरवर थकला तर पुढेही चार आणि मागेही सहा, अशा कोंडीत सापडतो, कारण त्याचे सामान आणि अंथरूण वरच्या गावात असते. उलट, ज्या वाटेवरून जेथून वाटेल तेथून वळून चहाच्या वेळेला मुक्कामी परत येता येते, ती वाट दहा किलोमीटरची असली तरी सोपी आणि चारची असली तरी सोपीच. ताईंनी वर ज्या दोन बायकांचे वर्णन केले आहे त्या अशाच वाटेवर होत्या. गवत कापून घरी जेवायला निघाल्या होत्या.

अशी वाट मला हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीच्या खोऱ्यात सापडली. चंडीगढहून मंडी, मंडीहून मनालीच्या रस्त्याने पुढे, आणि औटच्या बोगद्याच्या तोंडाशी मनालीचा रस्ता सोडून उजवीकडे वळायचे. लारजीजवळ सैंज आणि तीर्थन या दोन्ही नद्या बियासला मिळतात. तेथे धरणामुळे बियासचे पाणी अडून हिरवेगार आणि निश्चल झालेले दिसते, आणि त्याच्या पुढे लगेच तीर्थनचे खळाळते पाणी सुरू होते, तो फरक खिडकीतूनही कळतो. मग बंजार आणि बंजारहून सुमारे दहा किलोमीटरवर गुशैणी. हे गाव साधारण दीड हजार मीटरवर आहे, म्हणजे शिमल्याहूनही बरेच खाली. येथे पलाचन नावाचा प्रवाह तीर्थनला मिळतो आणि येथूनच ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाकडे जाणारी पायवाट निघते. हे उद्यान ७५४ चौरस किलोमीटरचे असून २०१४ मध्ये ते जागतिक वारसा म्हणून घोषित झाले.

पायवाट नदीच्या काठाने रोला या जागेपर्यंत जाते. अंतर आठ-दहा किलोमीटर आणि एकूण चढ पाच-सहाशे मीटर, तोही एवढ्या लांबीवर पसरलेला. पण रोला गाठलेच पाहिजे असे मुळीच नाही. आम्ही पहिल्या दिवशी तीन किलोमीटर गेलो, नदीतील एका सपाट शिळेवर बसून डबा खाल्ला आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी पाच किलोमीटर गेलो. उद्यानाच्या राखीव हद्दीत पाऊल टाकायचे असेल तर वनखात्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी गुशैणीच्या अलीकडे साईरोपा येथे केंद्र आहे. हद्दीच्या अलीकडे गावांचा भाग आहे, तेथे हिंडायला अडचण नाही.

वाटेवर काय दिसते ते सांगतो. पाण्यातून वर आलेल्या जवळजवळ प्रत्येक खडकावर एक पाखरू बसलेले असते. डोक्यावर पांढरी टोपी आणि पोटाशी विटकरी रंग असलेले एक, आणि पाटीसारखा निळसर राखाडी अंगाचा, तांबडी शेपटी सतत उघडमीट करणारा दुसरा. डिपर नावाचा तिसरा एक तपकिरी पक्षी मात्र खडकावरून सरळ त्या गार पाण्यात चालत शिरतो आणि भलतीकडेच वर येतो. नातवाला हा दाखवाच.

आणि घराट. ओढ्याचे पाणी लाकडी पन्हळीतून खाली सोडून त्यावर चालणारी पिठाची गिरणी, तिला तिकडे घराट म्हणतात. आम्हाला एक चालू घराट दिसले. आत अंधार, पायाखाली ओल, आणि मध्ये आपल्या जात्यासारख्याच, पण परातीएवढ्या दोन दगडी तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वर टांगलेल्या शंकूसारख्या टोपलीतून मका एकेक दाणा करून जात्याच्या तोंडात पडत होता. मला कळेना की दाणे एकदम का ओतले जात नाहीत. मग दिसले, टोपलीच्या तोंडाशी एक लहानशी काठी बांधलेली होती आणि तिचे दुसरे टोक फिरत्या तळीवर टेकलेले होते. तळी खडबडीत, ती फिरली की काठी टकटक उडते आणि प्रत्येक टकटकीला टोपली हलून चार दाणे सुटतात. पाणी जोरात आले की तळी भरभर, काठी भरभर, दाणे भरभर. मी चौतीस वर्षे पाटबंधाऱ्याच्या कामात घालवली, पण इतके बिनबोभाट चालणारे नियमन क्वचितच पाहिले.

स्नेहलतागंजकर

रामबागवाले, आपले मनःपूर्वक आभार. आपले उत्तर यजमानांना मोठ्याने वाचून दाखविले; खेचराच्या प्रसंगाला ते हसले आणि मग गंभीर झाले.

दोन शंका उरतात. पहिली, एवढ्या लांब जाऊन नदीच्या काठानेच चालायचे आणि उंचावरून काहीच पाहायचे नाही, हे नातवाला रुचेल का? एखादा दिवस तरी वर जाता येईल अशी सोय त्या भागात आहे का? दुसरी, तसे गेल्यास माझ्या रक्तदाबाचे काय?

पलासियाचे डॉक्टर

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. हे सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे. निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर आहे. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. तरीही विरळ हवेचा त्रास २,५०० मीटरच्या खाली सहसा होत नाही, आणि त्याच्या वर गेल्यावरही तो दिवसा फेरफटका मारण्यापेक्षा रात्री तेथे झोपण्याने अधिक होतो. म्हणूनच तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा दंडक आहे. गुशैणीसारख्या ठिकाणी दोन-तीन रात्री काढून, एक दिवस गाडीने वर जाऊन, चालून, संध्याकाळी पुन्हा खाली यायचे असेल तर आपल्या चौघांपैकी कोणालाही मला चिंतेचे कारण दिसत नाही. मात्र डोके दुखणे, मळमळ, झोकांडी जाणे यांपैकी काहीही जाणवले तर ‘थोडे पुढे जाऊन पाहू’ म्हणायचे नाही, खाली उतरायचे. खाली उतरण्याइतका हुकमी उपाय दुसरा नाही.

रक्तदाबाची गोळी प्रवासात बंद करू नये. उंचावर पहिले काही दिवस रक्तदाब किंचित वाढण्याची प्रवृत्ती असते, त्यामुळे गोळी चुकवण्याची ती वेळ नव्हे. गोळी लघवी वाढविणारी असेल तर पाणी अधिक प्यावे लागेल. थंडीत तहान लागत नाही आणि माणूस नकळत कोरडा पडतो. काही गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत. अशी गोळी घेणारा माणूस चढावर इतरांच्या मागे पडतो, आणि त्याला कोणी हसू नये, कारण त्याचे हृदय त्याला वेगाने जाऊच देत नाही. उंचीसाठी म्हणून जी गोळी लोक औषधाच्या दुकानातून परस्पर घेतात, ती सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

यजमानांच्या गुडघ्यासाठी : एक नव्हे, दोन काठ्या. उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवून, आधी काठ्या खाली टेकवून मग पाऊल टाकायचे. त्यामुळे गुडघ्यावरचा भार हातांकडे वाटला जातो. आणि आजपासून मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम सुरू करावा. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा अंक मोजेपर्यंत धरायचा, इतका साधा आहे. सहा आठवडे नेमाने केल्यास गुडघ्याला नक्की आधार मिळतो. गुडघ्याची टोपी घालून व्यायाम टाळणारे रुग्ण मी रोज पाहतो.

लष्करची लेक

नमस्कार. माझे माहेर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, सध्या राहते इंदूरला. आम्ही दोघे वर्षाआड त्या खोऱ्यात जातो, म्हणून पहिल्या शंकेबद्दल आणि नणंदबाईंबद्दल लिहिते.

वर जाण्यासाठी जलोरी खिंड आहे. बंजारहून दुसरा फाटा जिभीकडे जातो, जिभीहून शोजा आणि शोजाच्या वर पाच किलोमीटरवर खिंड, सुमारे ३,१२० मीटर. गाडी थेट खिंडीपर्यंत जाते. तेथे देवीचे देऊळ आणि चहा-मॅगीची दुकाने आहेत, आणि देवळापासून एक पायवाट सेरोलसर नावाच्या तळ्याकडे जाते. जाताना पाच किलोमीटर, येताना पाच. वाट एकदम चढत नाही. डोंगराच्या कुशीतून थोडी वर, थोडी खाली अशी जाते आणि जवळजवळ सबंध वाट जंगलातून आहे. हे जंगल देवदाराचे नाही, खरसूचे आहे. खरसू म्हणजे ओकची एक जात. बुंधे वाकडेतिकडे, शेवाळाने मढलेले, आणि कोवळ्या पानांच्या कडांना काटे. एखादे पडलेले पान उचलून पाहा, पाठीमागून ते तपकिरी दिसते. झाडी विरळ होते तेथे एकदम उत्तरेकडची हिमशिखरे समोर येतात. ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी असते म्हणून ती सकाळी नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतात.

तळे लहान आहे. ज्यांना काश्मीरच्या सरोवरांची चित्रे पाहून अपेक्षा वाढवायची असेल त्यांची निराशा होईल. तळ्याच्या काठी बूढी नागिणीचे देऊळ आहे. भाविक तळ्याला प्रदक्षिणा घालताना काठाने तुपाची धार धरतात. कित्येक घरांत नव्या व्यालेल्या गाईचे तूप आधी देवीला जाते. सभोवती एवढी झाडे असून पाण्यावर पान तरंगताना दिसत नाही, कारण आभी नावाची चिमुकली चिमणी पडलेले प्रत्येक पान उचलून नेते, असे तेथील लोक सांगतात. आम्ही तासभर बसलो. चिमणी दिसली नाही. पाने मात्र खरोखर नव्हती.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक म्हणजे कुल्लूचा दसरा. आपला दसरा संपतो त्या दिवशी, विजयादशमीला, त्यांचा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. खोऱ्याखोऱ्यांतून गावोगावच्या देवता आपापल्या रथात, म्हणजे खांद्यावर वाहून न्यायच्या पालखीत बसून, ढोल-नगाऱ्यांसह कुल्लूच्या ढालपूर मैदानात जमतात. वारीच्या वाटेवर जसे गावच्या गाव रिकामे होते तसे थोडेफार तेथेही होते; होमस्टेचा मालक देवासोबत गेलेला आणि घरी फक्त म्हातारी आजी, असा अनुभव आम्हाला आला. आजींनी जेवायला उत्तम घातले, सिड्डू, म्हणजे आंबवलेल्या कणकेची वाफवलेली भाकरी, आणि वर चमचाभर नव्हे, पळीभर तूप; पण गाडी ठरवून देणारे कोणी नव्हते. त्या आठवड्यात मनालीच्या रस्त्यावर गर्दीही फार होते. दसऱ्याचा आठवडा टाळून, त्यानंतर निघावे. मक्याची कापणी झालेली असते आणि प्रत्येक घराच्या पाटीच्या दगडी छपरावर पिवळी कणसे वाळत घातलेली दिसतात.

दुसरे म्हणजे पावसाळा संपल्याची खात्री. जुलै २०२३ मध्ये बियासला आणि तिच्या उपनद्यांना जो पूर आला त्याने त्या भागातील रस्ते आणि पूल वाहून नेले. ऑक्टोबर सहसा कोरडा असतो, तरी निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून औट-बंजार रस्ता चालू आहे का, हे विचारावे.

प्रवासाचे म्हणाल तर मालवा एक्स्प्रेस सर्वांत सोयीची. दुपारी इंदूरहून निघावे, रात्री ग्वाल्हेरला नणंदबाई चढतील, दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाला. तेथून चंडीगढ तासाभराच्या अंतरावर. त्याच दिवशी पुढे औटपर्यंत जाण्याचा अट्टाहास करू नये, चंडीगढला रात्र काढावी. डोंगरातला रस्ता दिवसाउजेडी करावा.

रामबागवाला

लष्करच्या लेकीचे म्हणणे मान्य, एक दुरुस्ती सुचवितो. सेरोलसरची वाट माझ्या ‘कोठूनही वळता येते’ या कसोटीला पूर्ण उतरते, पण तिच्यात एक फसवणूक आहे. जाताना उतार लागला की येताना तो चढ होतो, आणि तो चढ पाय थकल्यावर, दुपारी, तीन हजार मीटरच्या विरळ हवेत वाट्याला येतो. नेइस्मिथच्या आडाख्याने जाऊन-येऊन दोन तास आणि वर थोडे. आम्हाला थांबे धरून साडेपाच तास लागले. म्हणून सकाळी नऊला खिंडीतून पावले पडायला हवीत. घड्याळात एक वाजला की, तळे समोर दिसत असले तरी, वळायचे. डोंगरात सूर्य मावळण्याच्या पुष्कळ आधी धारेमागे जातो आणि मग थंडी अंगात शिरायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

हा दिवस सहलीच्या शेवटी ठेवावा, सुरुवातीला नव्हे. आणि शोजाला मुक्काम करण्याचा मोह होईल, कारण तेथून दृश्य फार छान आहे, पण ते अडीच हजार मीटरच्या वर आहे. डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा पाहता, सुमारे अठराशे मीटरवरील जिभीला राहणे बरे.

तयारीसाठी इंदूरजवळच्या रालामंडलला जावे. नेहरू पार्कात चाळीस फेऱ्या मारल्या तरी गुडघ्याला उताराची ओळख होत नाही. रालामंडलच्या टेकडीचा चढ दोनशे मीटरच्या आसपासचा आहे. आठवड्यातून दोनदा, दोन्ही काठ्या घेऊन, त्याच बुटांनी. नवे बूट थेट हिमालयात नेणाऱ्या माणसाच्या टाचा मी पाहिल्या आहेत. वर चढलात की शिकारगाहीपाशी, म्हणजे जुन्या शिकारी बंगल्यापाशी, बसा, पण पाहायचे आहे ते उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी. यजमान पलंगावरून सहज उठले तर सेरोलसर होईल. कण्हत उठले तर तीर्थनच्या काठावर समाधान मानावे, ते मुळीच कमी नाही.

सुदामानगरचा फिरस्ता

माझा सल्ला मी मागे घेतो. कार्यालयातील त्या दोघांना आज पुन्हा विचारले. दोघेही पस्तिशीचे आहेत आणि दोघांनीही येताना घोडा केला होता, हे त्यांनी आधी सांगितले नव्हते.

स्नेहलतागंजकर

सर्वांचे ऋण मानते. घरात बसून ठरविले ते असे : दसऱ्यानंतरचा आठवडा, मालवा एक्स्प्रेस, चंडीगढला एक रात्र, गुशैणीला चार रात्री, जिभीला दोन, आणि सेरोलसर शेवटच्या आदल्या दिवशी. शेवटचा दिवस मोकळा ठेवला आहे, म्हणजे पाऊस लागला किंवा पाय म्हणाले नाही, तर सरकवायला जागा राहील. रालामंडलला काल पहिली फेरी झाली. यजमान आज सकाळी पलंगावरून उठले ते सहज की कसे, याबद्दल आमच्या दोघांत एकवाक्यता नाही.

नातवाने जाते फक्त माझ्या माहेरी, अंगणात पालथे पडलेले पाहिले आहे. घराटाचे वर्णन त्याने दोनदा वाचले आणि विचारले, की टोपलीतला मका संपला आणि गिरणीवाला घरी जेवायला गेलेला असेल तर त्याला कळणार कसे? मला उत्तर देता आले नाही. रामबागवाल्यांना विचारून ठेवते.

रामबागवाला

प्रश्न योग्य आहे, मीही तोच विचारला होता. दाणे संपले की दगडावर दगड घासू लागतो आणि घराटाचा आवाज बदलतो, घरघरीचा कर्कश होतो. गिरणीवाल्याचे घर वरच्या अंगाला हाकेच्या अंतरावर होते. आम्ही आत उभे असतानाच तो आवाज बदलला, आणि एक बाई हात पुसत खाली आली, तिने पन्हळ बाजूला सारून पाणी तोडले आणि तळी हळूहळू थांबली.